डाव्या हाताचं काज

खुनाचा तपास कसा करायचा हे मामींना शिकवायच्या भानगडीत कोणी पडू नये. दर शुक्रवारी संध्याकाळी आठला खऱ्या खुनांवरची ती मालिका सुरू झाली, की मामी हातातलं काम बाजूला टाकून टीव्हीपुढे ठाण मांडायच्या आणि पहिल्या जाहिरातीच्या आत खुनी सांगून मोकळ्या व्हायच्या. "मेव्हणाच! लिहून घ्या माझ्याकडून. कॉलर बघा मेल्याची, नवी कोरी. नोकरी गेलेल्या माणसाला नवा शर्ट सुचतो होय?" सून म्हणायची, "आई, कपडे मालिकेवाले देतात हो, त्यावरून काय कळणार?" पण शेवटी निघायचा मेव्हणाच.

मालिकेतली माणसं त्यांना घरच्यासारखी झाली होती. इन्स्पेक्टरचं काम करणारा उंच नट त्यांचा लाडका, पण त्याच्या कोटाचा डावा खांदा पडतो म्हणून त्या दर आठवड्याला हळहळायच्या. प्रेतं तपासणारी डॉक्टरीणबाई त्यांना शिष्ट वाटायची. आणि तो जाडा हवालदार! तीन वर्षं झाली, त्याच्या शर्टाचं दुसरं बटण लोंबतंय. "अरे, दे इकडे तो शर्ट, दोन मिनिटांत लावते," असं त्या सरळ टीव्हीलाच सांगायच्या.

मामी म्हणजे शिंप्याची बायको. पुढे दुकान, मागे घर आणि मधे एक पडदा. मामा मापं घेणार, कापणार, शिवणार. मामी पडद्यामागे बसून काजं-बटणं करणार. हे गेली तीस-पस्तीस वर्षं चाललंय. गल्ली त्यांना मामा-मामी म्हणते, पोरंसोरंही म्हणतात आणि पोरांचे आजोबाही म्हणतात. हातानं काज करणं सोपं वाटतं, पण करून बघा! कापडाला बटणापुरती चीर द्यायची आणि तिच्या दोन्ही काठांनी दोऱ्याच्या बारीक गाठी मारत जायचं, एकाला एक चिकटून, एकही मागे-पुढे होता कामा नये. मामी डावखुऱ्या. लहानपणी त्या हातावर फटके खाल्ले, तरी सुई डाव्याच हातात राहिली. त्यामुळे सगळं जग ज्या टोकाकडून काज सुरू करतं, त्याच्या उलट टोकाकडून त्या सुरू करतात आणि त्यांच्या गाठी उलट्या अंगाला वळतात. घालणाऱ्याला काही कळत नाही. जाणकाराला कळतं.

दुकानात माप घ्यायच्या आरशाशेजारी एक तसबीर होती. वर्तमानपत्राचं पिवळं पडलेलं कात्रण, त्यात मामांचा तरुणपणीचा फोटो आणि वर ठसठशीत अक्षरं: 'शिंप्याच्या नजरेनं खुनी गजाआड'.

गोष्ट सत्तावीस वर्षांपूर्वीची. बंद पडलेल्या खाणीत एका तरुण पोराचं प्रेत सापडलं. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. मारणारा मोठा बेरकी, त्यानं खिसे रिकामे केले, कॉलरमागचं दुकानाचं लेबलसुद्धा कापून नेलं. पण काजं कोण कापून नेणार? पोलीस तो शर्ट घेऊन एकेक शिंपी पालथा घालत या दुकानात आले आणि इथं काज ओळखलं गेलं. मामांच्या वहीत प्रत्येक मापाशेजारी कापडाचा तुकडा टाचलेला असतो. तुकडा जुळला, नाव सापडलं, नावावरून खोली सापडली आणि खोलीत त्याचा धंद्यातला भागीदार. भागीदाराला जन्मठेप झाली.

तर एके सकाळी दुकानातला फोन वाजला. मामांनी तो घेतला, तीनदा "कोण? कोण?" केलं आणि मग खुर्चीत मटकन बसले. त्या मालिकेवाल्यांचा फोन होता! याच खुनावर भाग करणार, याच दुकानात चित्रीकरण करणार, आणि मामांचं काम करणारा नट आधी चार दिवस दुकानात येऊन बसणार, शिंपीकाम शिकायला.

गल्लीला नुसतं उधाण आलं! समोरच्या न्हाव्यानं आपल्या दाराला रंग काढला. वरच्या मजल्यावरची म्हातारी रोज दोनदा येऊन विचारायची, "उंच वाला येणार ना गं? तो उंच वाला?" सुनेनं पडदा धुतला, वाळवला आणि समाधान होईना म्हणून परत धुतला. मामा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून तीच गोष्ट नव्यानं सांगायला लागले: "डोळे मिटले, काजावरून नुसतं बोट फिरवलं आणि म्हटलं, हे आपलं!"

पडद्यामागे मामींची सुई थांबायची. कारण बोट मामांनी फिरवलंच नव्हतं.

त्या दिवशी हवालदारानं शर्ट टेबलावर टाकला आणि तो बाहेर पाटीवरचं नाव उतरवून घ्यायला गेला. मामींना तेव्हा आठवा महिना होता. त्या पडद्याआडून आल्या, शर्ट उचलला, उलटा केला आणि म्हणाल्या, "हे माझं आहे." मामांच्या डोळ्यांपुढे पुढचं सगळं उभं राहिलं. अवघडलेली बायको, कोर्टाच्या पायऱ्या, वकिलांचे आडवेतिडवे प्रश्न! हवालदार आत आला तसं ते पुढे झाले आणि म्हणाले, "मी ओळखलं." मायेनंच बोलला माणूस, त्यात शंका नाही. पण कोर्टात वकिलानं विचारलं, "हे काज तुम्ही स्वतः केलंत?" आणि शपथ घेतलेले मामा म्हणून गेले, "हो. मीच." घरी आले ते पांढरेफटक पडून. "शपथेवर खोटं बोललोय. हे कळलं तर निकाल फिरेल, तो सुटेल आणि सुटला की पहिला इथं येईल. मेलीस तरी कोणाला सांगू नकोस."

मामींनी नाही सांगितलं. त्यांना खरंच वाटलं की आपण तोंड उघडलं तर एक खुनी मोकळा होईल. पुढे मामांचा फोटो छापून आला, सत्कार झाले, शाळेत भाषणाला बोलावणं आलं, आणि भीतीपोटी सांगितलेली गोष्ट मामा हौसेनं सांगायला लागले. मामींना वाईट वाटायचं. फार वाटायचं. पोटच्या मुलालासुद्धा ठाऊक नव्हतं की तो जन्मायच्या महिनाभर आधी आईनं काय ओळखलं होतं. आणि आता तर टीव्हीवर, आपल्या लाडक्या मालिकेत, कोणीतरी नट डोळे मिटून बोट फिरवणार! ते एकदा दिसलं की कायमचं तेच खरं. एकदा, फक्त एकदा कोणाला तरी कळावं की तो हात माझा होता, असं मामींना इतकं वाटत होतं की त्यांना धड जेवण जाईना.

सोमवारी दारावर टकटक झाली. मामींनी दार उघडलं आणि त्या किंचाळल्याच, "अगं बाई! तुम्ही तर मेलात!"

दारात उभा होता गेल्या महिन्यात जिन्यावरून ढकलून मारलेला मास्तर.

"मेलो होतो खरा," तो नट हसून म्हणाला, "पण त्यांनी परत कामावर घेतलं. आता मी शिंपी आहे."

त्या मालिकेत असंच असतं. इन्स्पेक्टर, हवालदार, डॉक्टरीण कायमचे. बाकीचे दहा-पंधरा जण आलटूनपालटून आज मरतात, उद्या मारतात. हा नट आतापर्यंत सातदा मेला होता आणि चारदा फासावर गेला होता. माणूस मात्र लाख होता. दुकानात स्टूल टाकून बसला आणि मामांना डोळ्यांनी पिऊन टाकलं त्यानं! चष्म्यावरून बघणं, माप घेताना "श्वास सोडा, पोट लपवू नका" म्हणणं, कात्री चालवताना जीभ बाहेर काढणं. दुसऱ्या दिवशी त्यानं मामांसारखं खोकून दाखवलं, तर मामी हसून हसून भिंतीला टेकल्या. मामाही खूश. "हुबेहूब! माझ्यापेक्षा मीच वाटतोय!"

तिसऱ्या दिवशी त्यानं पिशवीतून खटल्याचे कागद काढले. "मामा, इथं तज्ज्ञानं लिहिलंय, काजाचे टाके नेहमीच्या उलट दिशेनं आहेत. मला ते काही जमत नाही. एकदा करून दाखवा ना."

"डोळे राहिले नाहीत आता," मामा घाईघाईनं म्हणाले. "मोतीबिंदू आहे."

नटानं कागद परत पिशवीत ठेवले. पण मामींनी पडद्याच्या फटीतून पाहिलं, तो मामांकडे टक लावून बघत होता. मामांनी उजव्या हातानं कात्री उचलली, उजव्या हातानं खडूची रेघ मारली आणि कान खाजवला तोही उजव्याच हातानं. मामी चहा घेऊन बाहेर आल्या. टोचू नये म्हणून सुईच्या हाताच्या बोटात टोपण घालतात, ते काढायचं त्या विसरल्या होत्या. नटाची नजर कपावरून बोटावर गेली आणि तिथंच थांबली. डाव्या हाताचं मधलं बोट.

मामींनी हात झटकन मागे नेला.  त्यानं ओळखावं असंही वाटत होतं आणि ओळखू नये असंही.

"मामी," तो हळूच म्हणाला, "आमच्या धंद्यात माणसाचे हात आधी बघतात."

"चहा गार होईल," मामी म्हणाल्या आणि आत पळाल्या.

चित्रीकरणाचा दिवस उजाडला तो गडबड घेऊनच. गल्लीत दोन गाड्या, जमिनीवर जिकडेतिकडे तारा, दुकानात डोळे दिपवणारे दिवे. दिग्दर्शिका एवढीशी चणीची बाई, पण आवाज असा की न्हाव्याच्या दुकानातलं गिऱ्हाईकही तिच्या 'शांत बसा'वर गप्प झालं. सल्ला द्यायला निवृत्त पोलीस साहेब आले होते, त्या वेळी तपास केलेले, तेच. साहेबांनी मामांना मिठी मारली. हवालदार आणि डॉक्टरीणबाई आले, आणि त्यांच्यामागून उंच इन्स्पेक्टर आला तेव्हा वरची म्हातारी जिन्यावरच खाली बसली.

"पहिला शॉट काजाचा," दिग्दर्शिका म्हणाली. "नुसते हात. सगळी गोष्ट त्या काजावर उभी आहे, ते खरंच होताना दिसलं पाहिजे."

"मग माझे हात नकोत," नट म्हणाला. "चार दिवसांत मला ते येत नाही. खऱ्या माणसाचे हात घ्या." हे तो मामांकडे बघून म्हणाला, आणि मामांनी नजर चुकवली.

"वा, उत्तम! या मामा, बसा."

नाही कसं म्हणणार? बाहेर अख्खी गल्ली उभी. मामा बसले, कॅमेरा त्यांच्या बोटांपाशी आला. त्यांनी उजव्या हातानं सुई घातली, दोन गाठी मारल्या.

"थांबा," साहेब म्हणाले. त्यांच्या हातात मूळ शर्टाचा फोटो होता. "या गाठी इकडे वळल्यात. फोटोत तिकडे आहेत."

"मामा, तेव्हासारखं करा ना," दिग्दर्शिका म्हणाली.

मामांनी सुई डाव्या हातात घेतली. सुई घसरली. परत घेतली. ती कापडात जाण्याऐवजी बोटात गेली आणि पांढऱ्या कापडावर रक्ताचा थेंब पडला. "कट!"  मामांनी मान वर केली आणि पडद्याजवळ सुनेच्या मागे उभ्या असलेल्या मामींकडे पाहिलं. 

"हे काज मी कधीच केलेलं नाही," ते म्हणाले. "हिनं केलंय. ओळखलंही मी नाही, हिनंच ओळखलं. मी कोर्टात खोटं बोललो."

"अहो, गप्प बसा!" मामी ओरडल्या. सुनेला बाजूला सारून त्या दिव्यांच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. "काहीही बोलतात हे. वय झालंय. मीच... म्हणजे यांनीच ओळखलं! साहेब, ऐकू नका यांचं, तो सुटेल हो!"

"कोण सुटेल?" साहेबांनी विचारलं.

"तो. भागीदार!"

साहेबांनी चष्मा काढला. "मामी, तो तुरुंगातच वारला. अकरा वर्षं झाली त्याला. आणि असता तरी सुटला नसता. पोराचं घड्याळ त्याच्या पेटीत मिळालं होतं, त्यानं स्वतः कबुली दिली होती. काजानं आम्हाला पोराचं नाव मिळवून दिलं. शिक्षा काही एकट्या काजावर झाली नव्हती."

मामींना क्षणभर काही सुधरेना. मग जे सुधरलं त्यानं त्यांचा पारा असा चढला की दिवे फिके पडावेत. "म्हणजे सत्तावीस वर्षं मी उगाच तोंडाला कुलूप लावून बसले? मुलाला सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही! आणि तुम्हाला एकदा, एकदा या साहेबांना जाऊन विचारायला काय झालं होतं?"

"विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं," मामा म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की पुढचं वाक्य कानाला यंत्र लावून बसलेल्या आवाजवाल्यालाच आधी ऐकू आलं आणि त्यानं मान खाली घातली. "आणि सांगितलं असतं तर ती तसबीर उतरवावी लागली असती. माझ्याकडे तेवढंच होतं गं."

मामींना रागही आला आणि रडूही आलं. तेवढ्यात दिग्दर्शिका पुढे झाली. तिचे डोळे लकाकत होते. "मामी," ती म्हणाली, आता आवाज अगदी साधा, "बसता का इथं?"

मामी बसल्या.  सुई डाव्या हातात आली आणि सगळं नीट झालं. चीर, दोरा, पहिली गाठ, दुसरी, तिसरी.  साहेब फोटो धरून वाकून बघत होते आणि स्वतःशीच "हेच, हेच," म्हणत होते. काज पुरं झालं, मामींनी दोरा तोडला आणि एकच टाळ्या पडल्या! उंच इन्स्पेक्टर टाळ्या वाजवतोय, जाडा हवालदार वाजवतोय, शिष्ट डॉक्टरीणबाई तर तोंडात बोटं घालून शिटी मारतेय. सून धावत येऊन गळ्यातच पडली. "आई, तुम्ही मला सांगितलं का नाही?" मामी आनंदानं नुसत्या तिची पाठ थोपटत राहिल्या.

आता तरुण मामींचं काम करायला नटी हवी. दुपारी गाडीतून एक उतरली आणि मामी हबकल्या. "हीच मिळाली तुम्हाला? हिनं दोन आठवड्यांपूर्वी नवऱ्याला विष घातलंय!"

"मग निवड बरोबर आहे," मामा पुटपुटले. सकाळच्या त्या कबुलीनंतर ते तेवढंच बोलले होते.

संध्याकाळी सामान आवरताना दिग्दर्शिका मामांपाशी येऊन बसली. "एक विचारायचंय. कोर्टातला प्रसंग मी गाळू शकते. मामींनी ओळखलं, पोलिसांनी खुनी पकडला, संपलं. ठेवला तर तुम्ही शपथेवर 'मीच' म्हणता, तेही दाखवावं लागेल. मग तुम्ही काय केलंत ते सगळ्यांना कळेल."

"गाळा तो," मामी लगेच म्हणाल्या. राग होता, पण नवऱ्याची छीथू व्हावी असं काही त्यांना वाटत नव्हतं.

मामांनी मान हलवली. "नको. लोक विचारतील, हिनं ओळखलं तर मग इतकी वर्षं हिचं नाव कुठं होतं? ते दाखवल्याशिवाय कोणी विश्वास ठेवायचं नाही. ठेवा तो प्रसंग."

आणि मग तो शुक्रवार! आठला पाच कमी असताना मामींच्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. न्हावी, त्याची बायको, वरची म्हातारी, मुलगा, सून, सुनेच्या माहेरची माणसं, खिडकीत डोकी. भाग सुरू झाला. नटीनं शर्ट उलटा केला, म्हणाली, "हे माझं आहे," आणि लगेच पडदाभर हात दिसले. मामींचे हात! बोटावरच्या भेगांसकट, सुईसकट. सगळ्यांनी जो कल्ला केला त्यात पुढची दोन वाक्यं वाहून गेली. मुलानं आईकडे वळून पाहिलं, नुसतं पाहतच राहिला. मामींनी तोंड झाकून घेतलं आणि बोटांच्या फटीतून आपलेच हात बघत राहिल्या.

मग कोर्ट आलं. वकील म्हणाला, "हे काज तुम्ही स्वतः केलंत?" नटानं चष्म्यावरून पाहिलं. थांबला. उजव्या हातानं कान खाजवला, अगदी मामांसारखा. "हो," तो म्हणाला. "मीच."

खोलीतली सगळी डोकी मामांकडे वळली. मामा टीव्हीकडेच बघत होते. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या, पण ते उठले नाहीत.

"खोटं बोलतोय तो," मामा म्हणाले, खिडकीतल्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "मी होतो तिथं."

आधी मुलगा हसला, मग सून, मग सगळेच. मामी तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी एवढ्या माणसांत मामांचा हात धरला आणि भाग संपेपर्यंत सोडला नाही.